सगळी वाट

मान्सा : मुसळ जपून टाक रे एबो. उखळात कसावा कमी आणि माझी बोटं जास्त आहेत.

अराबा : आई, बोटांचं मागाहून. आधी माझ्या बोलण्याचं काय ते सांग. उद्या सकाळी ती पोरगी निघताना वाट मागेल, तेव्हा तू तिला सगळी वाट द्यायची. अर्धी नाही.

एबो : ताई, तू काय बोलतेयस ते तुला तरी कळतंय का?

अराबा : मी माझ्या आईशी बोलतेय. तू कांड.

मान्सा : सगळी वाट मी जन्मात दोघांना दिली. एक तो माझ्या कोंबड्या पळवणारा, तुझ्या मामाच्या बायकोचा भाऊ. आणि दुसरा तुझा बाप, त्याला खड्ड्यात उतरवला तेव्हा. आता माझ्या हातचं खाल्लेल्या पोरीला त्यांच्या रांगेत बसवू?

एबो : आणि तेही घरात नाही, मोठी आई. उद्याचा कार्यक्रम शाळेपुढच्या झाडाखाली आहे. गावप्रमुख येणार, त्यांचा भालदार काठी घेऊन उभा राहणार. ज्या घरात जी परदेशी मुलं राहिली ती एकेक करून पुढे येणार, गुडघा टेकून वाट मागणार, आणि त्या घरातली मोठी बाई अर्धी देणार. ती आल्या दिवसापासून मी घोकून घेतलंय सगळ्यांकडून.

अराबा : काय घोकून घेतलंस?

एबो : हेच. की आमच्याकडे पाहुणा 'बरंय, निघतो' म्हणून चालू पडत नाही. तो वाट मागतो. आम्ही अर्धीच देतो, उरलेली घ्यायला त्यानं परत यायचं. अगं, इतकं आवडतं त्यांना हे. गेल्या वर्षी एका मुलानं तर दंडावर गोंदवून घेतलं. 'अर्धी वाट.'

मान्सा : दंडावर? मग पायांना काय काम ठेवलंय?

अराबा : आणि सगळी वाट कुणाला देतात, ते शिकवलंस?

एबो : ते कशाला? कुणी विचारलंच नाही.

अराबा : बरं झालं. म्हणजे उद्या तिला कळायचं नाही. तू तिच्या भाषेत 'अर्धी' म्हणून सांग. ती हसत जाईल. ज्याला कळायला पाहिजे त्याला कळलं की झालं.

एबो : कुणाला कळायला पाहिजे?

अराबा : माझ्या पोरीला. न्हिराला. तिच्यासाठी तर चाललंय हे. तुला काय वाटलं, मला त्या टेसाचा राग आहे? गरीब पोर आहे ती. आल्यापासून शाळेच्या भिंतींना रंग फासतेय. पहिल्या वर्षी आलेल्यांनी पिवळा दिला, गेल्या वर्षीच्यांनी निळा, हे हिरवा देताहेत. भिंती पूर्वीपेक्षा वीतभर जाड झाल्या असतील. पण मान खाली घालून काम करते, संध्याकाळी इतरांबरोबर गोल बसून आज काय शिकलो ते सांगते, रात्री माझ्या शिलाईयंत्राशेजारी बसून काजे करते. काजे वाकडे होतात, मी ती गेली की उसवते. मला तिचा काही त्रास नाही.

मान्सा : मग तोंडात काटा का?

अराबा : कारण गेल्या वर्षी तू अर्धी दिलीस. त्या पहिल्या अबाला. आठवतंय? पिवळ्या केसांची. तिनं अर्धी घेतली, हमसून हमसून रडली, गाडीत बसली. विमान उडायच्या आत विसरली असेल, आणि तिचं काही चुकलं नाही. सोळा वर्षांची पोर, तिला तिची शाळा, तिचे मित्र. पण तुझी नात तुझ्या कापडाला धरून उभी होती ना. तिनं ऐकलं. अर्धी दिली म्हणजे अबा येणार. मग वर्षभर काय झालं ते तू पाहिलंस. ट्रोट्रो गाडी थांबली की ताटावरून उठून पळायची. मी म्हटलं आज येणार नाही, तर म्हणायची, उद्या? मी म्हटलं उद्या नाही, तर म्हणायची, मग उद्याच्या उद्या. तिला तेवढंच मोजता येत होतं.

मान्सा : लहान मुलं असतातच अशी.

अराबा : अशी नसतात. एसीची मुलगी नाही अशी. तिच्याकडे पण मुली राहून गेल्या. पण एसीच्या मुलीचा बाप रोज रात्री घरी येतो.

मान्सा : झालं. गाडी आलीच शेवटी टेमा बंदरावर, तुझ्या नवऱ्यावर.

अराबा : येणारच. त्यालाही तू अर्धीच दिली होतीस, आई. न्हिरा दीड वर्षाची होती. दोन महिन्यांचं बंदरातलं काम म्हणून गेला. अजून बंदरातच आहे, आणि त्याच्या शेजारी आणखी कोण आहे ते सगळ्या गावाला ठाऊक.

मान्सा : मी त्याला सगळीच देणार होते. चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं मी त्याला. तूच माझ्या मनगटाला धरलंस. 'आई, अर्धी दे, आई, अर्धी दे.'

एबो : मोठी आई, मी मारू का मुसळ, का दोघींचं होईपर्यंत थांबू?

मान्सा : मार. उखळात हात घातलाय तर मुसळाला काय भ्यायचं.

अराबा : मी कुठं नाही म्हणतेय. तेव्हा मी मूर्ख होते. पण मी मोठी बाई आहे, मला वाट बघून बघून थकता येतं. ती अजून थकायला शिकलेली नाही. आणि त्यात तू ह्या वर्षी आलेल्या मुलीचंही नाव अबा ठेवलंस.

मान्सा : मी ठेवलं? वारानं ठेवलं. पाहुणी आली, पाणी दिलं, कोणत्या वारी जन्मलीस म्हणून विचारलं. तिला कुठं माहीत. एबोनं फोनात बघून गुरुवार सांगितला. गुरुवारी जन्मलेल्या मुलीला अबा नाही म्हणायचं तर काय, शनिवार म्हणायचं?

अराबा : दुसरा एखादा वार नव्हता का?

एबो : फोननं गुरुवार दाखवला, ताई. मी काय फोनला लाच देऊ?

अराबा : थोडं खोटं बोलायचं होतंस. एरवी तर इतकं बोलतोस.

मान्सा : वारात खोटं बोलत नाहीत. माणूस ज्या वाराला आला त्याच्याच नावानं हाक ऐकतो. तिला सोमवारच्या नावानं हाक मारली असती आणि ती आजारी पडली असती, तर कुणी निस्तरलं असतं?

अराबा : आजारी ती पडली नसती. आता माझी पडेल. तू होतीस ना त्या संध्याकाळी? न्हिरा घरामागून आली, हातात केळीचं साल. बघत उभी राहिली. हळूच म्हणाली, अबा? आणि त्या टेसाला घटकाभरापूर्वीच नवं नाव मिळालेलं, ती ते तोंडात घोळवत बसलेली. इतकी खूश झाली, छातीवर हात ठेवून म्हणाली, हो, अबा. संपलं. पोरीनं जी मिठी मारली ती झोपेतसुद्धा सोडली नाही.

एबो : टेसा दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, इथली मुलं अनोळखी माणसावर किती चटकन माया करतात. त्यांच्या गोलात बसून सांगितलं तिनं ते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अराबा : अनोळखी. बरं. मग न्हिराची कारणं ऐकलीस का तू? हिची उंची जास्त, तर म्हणे वाढली. केस तपकिरी, तर म्हणे उन्हात करपले. त्या पहिलीच्या कोपराला टाक्यांची खूण होती, विटा वाहताना पडली होती ती. हिच्या कोपरावरून पोर रोज बोट फिरवते आणि मला सांगते, त्यांच्याकडची औषधं चांगली असतात, आई, खूणसुद्धा राहिली नाही.

मान्सा : आता खरं सांगू? पहिले दोन दिवस मलाही तीच वाटली होती.

अराबा : तुला मोतीबिंदू आहे. तिला माया आहे. दिसतं दोघींना सारखंच.

एबो : माझंही ऐका जरा. दुभाषा मी आहे, शिव्या मला पडणार. परवा पोर तिच्यासमोर हात धरून उभी, टाळ्यांच्या खेळासाठी. त्या पहिलीनं शिकवलेला कुठलासा खेळ, मध्येच गिरकी आणि मध्येच गुडघ्यावर थाप. टेसाला तो येत नाही. न्हिरा रडून रडून सांगतेय, तू विसरलीस, तू विसरलीस. टेसा मला विचारते, काय म्हणतेय ती? काय सांगू मी?

मान्सा : काय सांगितलंस?

एबो : म्हटलं, भूक लागलीय तिला. टेसानं खिशातलं बिस्कीट काढून दिलं.

मान्सा : म्हणून जेवली नाही परवा. माझ्याकडे तर रोजचं गाऱ्हाणं आहे तिचं. मी अंघोळीला बसले की दाराशी येऊन उभी. आजी, अबा खेळ विसरली. आजी, अबा कोंबडीचं नाव विसरली. आजी, मी भिंतीकडे तोंड करून झोपते ते पण विसरली. आजी, तू तिला रागव. मी म्हणते, बरं, रागवेन.

एबो : ताई, पण तूच का नाही सांगितलंस पोरीला? पहिल्याच दिवशी?

अराबा : सांगणार होते. त्या रात्रीच सांगणार होते. पण वर्षानं पोटभर जेवली रे ती. एक अख्खा मासा खाल्ला, काटे काढून टेसालाही घास भरवले. म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू. मग तो उद्या काही आलाच नाही. आता उद्या खरंच उद्या आहे.

मान्सा : हे बघ अराबा. तुला अर्धी वाट म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही. अर्धी दिली म्हणजे पाहुण्यानं यायलाच पाहिजे असं नसतं. तो शब्द त्याचा नसतोच, आपला असतो. आलास तर ह्या घराचं दार उघडं आहे, एवढंच आपण सांगतो.

अराबा : आणि उघड्या दारात बसतं कोण? तू बसत नाहीस. मी बसत नाही. माझं पोर बसतं.

मान्सा : पुढच्या वर्षी तिला समज येईल. तोवर ह्यातली कुणी येईलही. एबो, त्यांची शाळा दर वर्षी मुलं पाठवते ना? न जाणो, हीच अबा पुन्हा... एबो. हात का थांबला तुझा?

एबो : थकलो जरा.

मान्सा : तू लहानपणापासून थकलास की शिट्टी वाजवतोस. गप्प बसतोस ते वेगळ्या कारणानं. काय झालंय?

एबो : उद्या संपल्यावर सांगणार होतो.

अराबा : आताच सांग. मुसळ ठेव खाली.

एबो : पुढच्या वर्षी येणार नाहीत ते. ही नाही, दुसरी नाही, कुणीच नाही. त्यांच्या शिक्षिकेनं काल मला बाजूला बोलावलं. फार चांगली बाई आहे, माझे हात हातात घेऊन बोलली. त्यांची शाळा आता मुलांना दुसऱ्या देशात नेणार. समुद्रकाठी. तिथं कासवं आहेत.

मान्सा : काय आहेत?

एबो : कासवं. वाळूत अंडी घालतात, ती राखायची असतात म्हणे. मुलांना ते जास्त आवडेल असं आईबापांचं मत पडलं. आणि आमच्या ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, ह्या गावात आता करण्यासारखं काही उरलं नाही.

अराबा : दवाखान्यात नर्स आली का?

एबो : नाही.

अराबा : वरच्या वस्तीच्या नळाला पाणी आलं?

एबो : नाही ताई.

अराबा : मग उरलं नाही म्हणजे काय?

एबो : सोळा वर्षांच्या मुलांना तीन आठवड्यांत करण्यासारखं नाही उरलं. शाळेला आणखी एक रंग दिला तर दारं लागायची नाहीत.

मान्सा : आणि तुझं काय रे? तुझी नोकरी?

एबो : माझं बघू. मला कासवांची भाषा येत नाही.

अराबा : आई, ऐकलंस?

मान्सा : ऐकलं. कान शाबूत आहेत माझे.

अराबा : आता अर्धी दिलीस तर ती कुणाला दिल्यासारखी होईल? परत येणारं कुणी नाही, हे आपल्याला माहीत असून. मग ते दार उघडं ठेवणं नाही, आई. ते पोराला थापा मारणं आहे. तुझ्या तोंडून सगळी गेली की ती समजेल. तिला समजतं. कोंबडीचोराची गोष्ट तूच सांगतेस तिला. एकदा काय ते रडेल, आठ दिवस रुसेल, पण रस्त्यावर बसायची नाही.

मान्सा : पण त्या पोरीनं माझं काय वाईट केलंय गं. रोज जेवताना माझ्या शेजारी बसते. मी म्हणते सगळं खा, सगळं, की पुसून खाते. तिला आपली भाषा येत नाही, पण तेवढं बरोबर कळतं.

अराबा : तिला काही होणार नाही. तिला एबो अर्धी सांगेल.

मान्सा : एबो, सांगशील?

एबो : सांगेन. खोटं बोलायचेच पैसे मिळतात मला, उद्याच्यापुरते.

मान्सा : झाला हा फुफू. उचल. गोळे करा, सूप वाढा. आणि तिला हाक मारा शाळेतून, न्हिरा तिच्या पाठीवर असेल. आज मोठा मासा तिला द्या.

(दुसऱ्या दिवशी दुपार. गाडी गेली आहे.)

मान्सा : नाक्यापर्यंत जायला एवढा वेळ लागतो? मी बसून राहिलेय केव्हाची.

एबो : गाडी नाक्यावर थांबली, मग एकेकानं गळ्यात पडायचं. ते संपल्याशिवाय मला उतरू देईनात. न्हिरा कुठं आहे?

मान्सा : अराबा तिला घेऊन शाळेमागे गेली, अजून परतली नाही. पाणी पी. मग सांग, गाडीत ती काय म्हणाली.

एबो : काय म्हणणार. मोठी आई, मी तोंड उघडलं होतं गं. तू 'सगळी' म्हणालीस, मी तिच्या भाषेत 'अर्धी' म्हणायला तोंड उघडलं, आणि तोवर तिचा चेहरा उजळला. तिला शब्द ठाऊक होता. तुझ्याच ताटावर शिकली. सगळं खा, सगळं.

मान्सा : मला वाटलं रडणार. वाटलं, कळलं हिला.

एबो : कळलं ते उलटं. तिच्या आधीच्या सगळ्यांना अर्धी मिळाली होती. एसीच्या घरी राहिलेल्यांना अर्धी, मास्तरांच्या घरी राहिलेल्यांना अर्धी. हिला सगळी. गाडीत सबंध वाटभर हेच. मागच्या बाकावरच्यांना, पुढच्या बाकावरच्यांना. तुम्हाला अर्धी दिली, मला माझ्या आजीनं सगळी दिली. नाक्यावर रेंज आल्या आल्या आईला फोन लावला आणि पुन्हा तेच सांगितलं. तुला 'माझी आजी' म्हणत होती.

मान्सा : आणि तू?

एबो : मी खिडकीबाहेर बघत होतो. एकदा वाटलं सांगावं. मग वाटलं, काय सांगू? की तिनं तुला चोराची वाट दिली, आणि तीही न्हिराची तुझ्यावर माया आहे म्हणून? मला हे कुठल्याच भाषेत येत नाही.

मान्सा : माझ्या गळ्यात पडली ती, एबो. सगळ्यांसमोर. आपल्या भाषेत आभार मानले माझे. भालदाराची काठी हातातल्या हातात थांबलेली, गावप्रमुख माझ्याकडे बघताहेत, आणि ही माझ्या मानेत तोंड खुपसून आभार मानतेय. हाकलल्याबद्दल.

एबो : लोक काय म्हणताहेत?

मान्सा : काय म्हणतील? एसीची आई चालता चालता विचारून गेली, पोरीनं काय चोरलं? म्हटलं, काही नाही. म्हणाली, मान्सा, तू काही उगाच सगळी देणारी नाहीस, भांडी मोजून घे. आता संध्याकाळपर्यंत तिनं माझी भांडी चोरलेली असतील, उद्यापर्यंत सोन्याची साखळी होईल. मी दारोदार जाऊन काय सांगू? आणि ती बिचारी विमानात बसून सगळ्या जगाला सांगणार.

एबो : अराबाताई आली बघ.

अराबा : तुम्ही दोघं इथं बसलाय होय.

मान्सा : पोर कुठं आहे?

अराबा : सांगते. जरा बसू दे. पाणी आहे का त्यात?

एबो : घे. रडली का खूप?

अराबा : अजिबात नाही. रडली असती तर बरं होतं. तू सगळी म्हणालीस तेव्हा तिनं माझा हात सोडला. गाडी निघाली तरी तिथंच. मी उचलून शाळेमागे नेलं, ओल्या रंगाला हात लावून बसली. मग विचारलं, अबानं काय केलं? म्हटलं, काही नाही गं. म्हणाली, मग आजीनं सगळी का दिली? मी काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली. 'मी आजीला सांगितलं म्हणून.'

मान्सा : काय सांगितलं म्हणून?

अराबा : अबा सगळं विसरली म्हणून. तू रागवेन म्हणाली होतीस ना तिला. न्हिराला वाटलं, हाच तो राग. तिनं गाऱ्हाणं केलं आणि तू अबाला हाकललीस.

मान्सा : देवा रे.

अराबा : मग माझ्या गळ्याला लोंबकळली. म्हणाली, मी खोटं सांगितलं होतं, आई. ती काही विसरली नव्हती. तिला खेळ येत होता, मीच चुकत होते. कोंबडीचं नाव पण येत होतं. आजीला सांग, मी खोटारडी आहे, एबोमामाला सांग गाडी परत बोलाव. एवढी पोर, स्वतःला खोटारडी म्हणत होती. हिरव्या हातांनी माझं तोंड धरून.

एबो : ताई.

अराबा : मग मी काय करू, सांगा मला. कालपर्यंत मी सांगितलं नाही, आज सांगावंच लागलं. म्हटलं, न्हिरा, ऐक. तू काही केलं नाहीस. ती आपली अबा नव्हतीच. ती दुसरी होती. तिचाही वार गुरुवार, म्हणून तिचंही नाव अबा. ती काही विसरली नव्हती बाळा, तिला माहीतच नव्हतं.

मान्सा : मग?

अराबा : विचार करत राहिली, कपाळाला आठी घालून, तुझ्यासारखी. मग म्हणाली, 'म्हणून कोपराला खूण नव्हती.' म्हटलं, हो. 'म्हणून केस तसे होते.' हो. नळावर गेली, हात धुतले, तोंड धुतलं. हसली सुद्धा. आई, मला वाटलं सुटलो. मला वाटलं, एवढं सोपं होतं तर मी तीन आठवडे काय करत बसले.

एबो : आणि?

अराबा : आणि म्हणाली, ह्या अबाला सगळी दिली ते बरं झालं, ती आपली नव्हती. पण आपल्या अबाला आजीनं गेल्या वर्षी अर्धी दिलीय ना? मी म्हटलं, हो. काय म्हणणार? दिलीच होती. सगळ्या गावानं ऐकलंय. तर म्हणाली, 'मग ती अजून आलेलीच नाही.'

मान्सा : कुठं आहे ती आता?

अराबा : कुठं असणार. ट्रोट्रो थांबते तिथं. दगडावर बसलीय. म्हटलं जेवून जा, तर म्हणाली, जेवताना गाडी येऊन गेली तर?

एबो : पण पुढच्या वर्षीसुद्धा कुणी...

अराबा : ऐकलंय मी. कासवं.

मान्सा : एबो, माझं हे स्टूल नेऊन दे तिला. तो दगड ओला असेल.